गुंडोअण्णांचे दोन प्रश्न

गरिबी मोजणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. हेब्बाळला तळ्याच्या बाजूच्या एका इमारतीत, अकराव्या मजल्यावर, गार हवेत बसून मी देशातल्या गटागटांची गरिबी मोजते. अमुक जातीत शंभरातले किती गरीब, तमुक धर्मात किती, दुसऱ्या राज्यातून आलेल्यांत किती, नागरिकत्वाचे कागद नसलेल्यांत किती. प्रत्येक गटाला तक्त्यात एक ओळ मिळते. मी पुण्याची, नयना. नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी बंगळूरला आले आणि इथेच एकटी राहिले. एकदा सहज म्हणून शहराच्या तक्त्यात मराठी बोलणाऱ्यांची ओळ शोधली, तर ती नव्हतीच. संख्या थोडी म्हणून त्यांना 'इतर'मध्ये ढकललं होतं. ढकलणारी मीच होते, आदल्या वर्षी, एका शुक्रवारी घरी जायच्या घाईत.

त्यामुळे बनशंकरीच्या एका मराठी मंडळाचे अध्यक्ष हणमंतराव जेव्हा म्हणाले, "आपल्या समाजात गरीब किती ते एकदा मोजून द्या, सरकारपुढे ठेवायचं हाय," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पापक्षालन म्हणा हवं तर. हणमंतरावांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं आणि परत जायचं राहून गेलं. "तसं आपल्यात गरीब कुणी नाही म्हणा," असंही ते त्याच दमात म्हणाले. मग मोजायचं कशाला, हे मी विचारलं नाही. मंडळाच्या सभागृहामागची एक खोली रिकामी झाली होती, तीही या पाहणीवरूनच द्यायची ठरलं होतं. साठीच्या पुढचं, एकटं, खरोखर निराधार असं जे माणूस यादीत पहिलं येईल त्याला ती खोली मिळणार होती, मरेपर्यंत, बिनभाड्याची.

घरोघर फिरायला मंडळानं मला गुंडोअण्णा दिले. वय अडुसष्ट, किडकिडीत बांधा, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. शर्टाची कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवलेली होती, हे माझ्या पंधरा दिवसांनी लक्षात आलं. गरिबी मोजणाऱ्या बाईची नजर ही अशी. खिशात पेन आणि पेनाशेजारी बोटभर लांबीची एक पोलादी कांडी. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं होतं, दुसऱ्यांनी पाडलेली भोकं तपासायचं. कारखाना मालकाच्या मुलांनी विकला, त्याच वर्षी बायको अहल्या गेली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून ते कारखान्यामागच्या पत्र्याच्या चाळीत एका खोलीत राहत होते.

मी मोठ्या हौसेनं बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म केला होता. फ्रीज आहे का, दुचाकी आहे का, महिन्याची मिळकत किती, वगैरे. पहिल्या आठवड्यात वीस घरं झाली आणि वीसच्या वीस घरं सुखवस्तू निघाली. सगळ्यांकडे फ्रीज. सगळ्यांचं "देवाच्या कृपेनं बरं चाललंय". एका घरात मला पाणी प्यायला हवं होतं, म्हणून मी आपणच फ्रीज उघडला. आत इस्त्रीच्या साड्या रचून ठेवल्या होत्या. तो चार वर्षांपासून बंद होता. त्या बाईंचा चेहरा असा काही पडला की मी फ्रीजचं दार लोटून देताना त्यांचीच माफी मागितली.

बाहेर आल्यावर गुंडोअण्णा म्हणाले, "अक्का, रागावू नका. पण तुमचा फॉर्म चुकीचा हाय."

मला राग आलाच. असे फॉर्म करण्यात माझी सतरा वर्षं गेलेली.

त्यांनी खिशातली कांडी काढून माझ्या हातावर ठेवली. "हे गेज. दोन टोकं हाय बघा. भोक किती मिलिमीटर ते हे सांगत नाही. हे टोक आत गेलं पाहिजे, ते टोक जाऊ नये. संपलं. माल पास का नापास, दोन सेकंदांत कळतं. आकडा विचारला की माणूस खोटं बोलतो. मशीनवाला बोलतो, तसं घरवाला पण बोलतो."

"मग काय विचारायचं?"

"दोनच. तुमच्याकडं शेवटचं कोण जेवून गेलं? आणि तुम्ही शेवटचं कुणाकडं जेवलात? लग्नातलं नको, देवळातलं नको. नावानं बोलावून वाढलेलं. वर्षभरातलं."

मी हसले. म्हटलं, अण्णा, ही गरिबी नाही, हा पाहुणचार झाला. ते म्हणाले, "आपल्या लोकांत तेच ते. घरात कमी पडायला लागलं की पहिल्यांदा पाहुणा बंद होतो. मग आपण जायचं बंद होतं. परत बोलावता येत नाही ना, मग कुठल्या तोंडानं जायचं? दोन्ही बंद झालं की समजायचं, हे घर नापास."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फॉर्मच्या समासात पेन्सिलीनं दोन खुणा करायला सुरुवात केली, कुणाचं नाव निघालं तर बरोबरची, नाही निघालं तर फुली. आणि मला वाटलं होतं तसं लोक इथे खोटं बोलले नाहीत का? बोलले. पण गुंडोअण्णा पुढचं विचारत, "होय का? काय केलं होतं?" इतकंच. ज्यानं खरंच वाढलंय तो सुटतोच. वांगी कडू निघाली, भात खाली लागला, त्यांच्या थोरल्यानं तीनदा मागून घेतलं, असं न विचारता सगळं सांगतो. ज्यानं वाढलेलं नाही तो नुसता "आपलं नेहमीचंच" म्हणतो आणि पदराशी चाळा करतो.

कस्तुराबाईंच्या बाबतीत मी हे डोळ्यांनी पाहिलं. सत्तरीच्या बाई. जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि त्यातच नजर गेली. पुतण्याच्या घरात जिन्याखाली त्यांची खाट होती. "गेल्याच महिन्यात भाऊ जेवून गेला," असं त्या ताठ मानेनं सांगत होत्या. गुंडोअण्णांनी विचारलं, "काय केलं होतं, कस्तुराक्का?" बाईंचा हात पदराकडे गेला. मग म्हणाल्या, "त्याला काय आवडत होतं तेच विसरले बघ मी." भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती, हे गुंडोअण्णांना ठाऊक होतं. त्यांनी समासात दोन फुल्या मारल्या आणि बाईंच्या पायांना हात लावून बाहेर आले. मी म्हटलं, एक फुली कमी केली असती तर काय बिघडलं असतं? ते चक्क रागावले. "नापास मालाला पास म्हणायचं? मग त्यांना मदत कोण देईल?"

महिन्याभरात ध्यानात आलं, की पेन्सिलीच्या दोन फुल्या जिथे होत्या तिथेच औषधं अर्धवट सोडलेली होती, तिथेच शाळा सुटलेली होती. माझे बेचाळीस प्रश्न एकीकडे आणि या दोन फुल्या एकीकडे. मी ते प्रश्न त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस म्हणून मुकाट्यानं फॉर्मात घातले. खोलीचा निकालही याच दोन प्रश्नांवर लावायचा, हे हणमंतरावांनी मान्य केलं. त्यांना ती कल्पना इतकी आवडली की भेटेल त्याला ते स्वतःचीच म्हणून सांगू लागले.

एकदा बसस्टॉपवर थांबलो असताना गुंडोअण्णांनी मला विचारलं, "अक्का, तुमचं काय?"

"माझं काय?"

"तुमच्याकडं शेवटचं कोण जेवलं?"

मी आठवू लागले. ऑफिसातले लोक आले होते, पण जेवण बाहेरून मागवलं होतं. ते धरायचं का? नाही. पुण्याहून आई आली होती, त्यालाही दीड वर्ष झालं. कुणाकडे जेवायला गेले होते म्हणावं, तर तेही नाही. इथे लोक हॉटेलात भेटतात. माझा पगार, माझा हेब्बाळचाच चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट, सगळं माझ्या तक्त्यात सर्वांत वरच्या खान्यात बसणारं, आणि या म्हाताऱ्याच्या कांडीनं मला दोन सेकंदांत नापास केलं. हसू आलं, पण लागलं फार.

"माझं पण तसंच हाय," ते म्हणाले. "अहल्या होती तोवर लोक यायचे. एकट्या पुरुषाच्या घरी कोण येतो? आणि एकट्याला कोण बोलावतो? आठ वर्षं झाली." मग म्हणाले, "असं करू. येत्या रविवारी तुम्ही माझ्याकडं जेवायला या. तुमचा एक प्रश्न सुटतो, माझा एक सुटतो. मी बरा करतो स्वैपाक. स्वल्प तिखट होईल."

मी हो म्हटलं, अगदी मनापासून. आणि त्या रविवारी गेले नाही.

कारण सांगते, लपवून काय करायचं? सकाळी डोकं दुखत होतं, पण फार नाही. हेब्बाळहून पीण्याला जायचं म्हणजे कंटाळा, पण तोही फार नाही. खरं म्हणजे मला त्यांचं घर बघायचं नव्हतं. मला घरं कागदावर बघायची सवय आहे. तिथे पत्रा गळत असेल, ते मला एकुलत्या खुर्चीवर बसवतील, आणि मग मला काहीतरी करावं लागेल, ही भीती होती. बारा वाजता फोन करून म्हटलं, "अण्णा, बरं वाटत नाही, पुढच्या रविवारी नक्की." ते म्हणाले, "सरी, ठीक हाय अक्का. विश्रांती घ्या." पुढच्या रविवारी मी विसरले. त्यांनी आठवण केली नाही.

त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी चालता चालता सांगितलं, की चाळ विकली गेली आहे आणि दसऱ्याच्या आत खोली सोडायची आहे. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अण्णा, मग मंडळाची खोली तुमचीच! साठीच्या पुढचे, एकटे, दोन्ही प्रश्नांना फुली. कस्तुराबाईंना निदान जिन्याखालची खाट तरी आहे. यादीत तुम्ही पहिले. फक्त स्वतःचा फॉर्म भरा आणि खरं तेच लिहा. ते लाजले. "मीच तपासणार आणि मीच पास व्हायचं?" म्हणाले. "पास नव्हे, नापास," मी चिडून म्हटलं, "आणि लाजायचं काही कारण नाही." शेवटी तयार झाले. मला म्हणाले, "खोली मला पाहिजे, अक्का. खोटं कशाला बोलू? फार पाहिजे." फॉर्म भरून त्यांनी तो गठ्ठ्यात तळाशी ठेवला आणि परस्पर मंडळात दिला.

बैठक मंडळाच्या सभागृहात, रविवारी सकाळी. नऊ सभासद, मी, आणि दाराशी रजिस्टरं घेऊन उभे असलेले गुंडोअण्णा. त्यांना बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. हणमंतरावांनी खोलीसाठीच्या अर्जांतले शेवटचे दोन फॉर्म वाचले. कस्तुराबाई, दोन फुल्या. मग गुंडोअण्णांचा. वाचता वाचता हणमंतराव हसले आणि माझ्याकडे बघू लागले.

"अहो नयनाताई, तुम्हीच की ह्यांच्याकडं जेवून आलात! हे बघा, प्रश्न त्रेचाळीस. शेवटचा पाहुणा, नयनाक्का. तारीखही हाय."

तारीख त्या रविवारचीच होती.

मी गुंडोअण्णांकडे पाहिलं. ते रजिस्टरांकडे बघत होते. सगळं माझ्यावर आलं होतं. ही एक ओळ खोडली तर त्यांना डोक्यावर छप्पर मिळणार होतं, नाही खोडली तर नाही. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "ते चुकून लिहिलं गेलंय. मी गेले नव्हते. येते म्हटलं होतं, पण गेले नाही. चूक माझी आहे."

सभागृहात चुळबुळ झाली. गुंडोअण्णांनी मान वर केली. अगदी शांतपणे म्हणाले, "अक्का विसरल्या. आल्या होत्या."

"अण्णा, मी नव्हते आले!"

"आल्या होत्या. जेवून गेल्या."

हणमंतरावांना मजा वाटू लागली. "थांबा, थांबा. नियम काय हाय आपला? ज्यानं वाढलं त्याला सांगता येतं. काय केलं होतं, गुंडोराव?"

गुंडोअण्णांनी रजिस्टरं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "झुणका केला होता. चपात्या, मऊ. गव्हाचं पीठ नवीन आणलं होतं, जुन्याला वास येत होता. काकडीची कोशिंबीर, त्यात दही ऐनवेळी घातलं, आधी घातलं की पाणी सुटतं. शेवयाची खीर. दुसरं ताट शेजारच्या कावेरीकडून आणलं, माझ्याकडं एकच हाय. अक्कांना तिखट सोसत नाही म्हणून हिरवी मिरची मोठी मोठी चिरली, म्हणजे बाजूला काढता येते. झुणका त्यांनी स्वल्पच घेतला. खीर दोनदा घेतली."

सगळे ऐकत राहिले. हणमंतराव माझ्याकडे वळले. "आणि ताई, तुम्ही काय जेवला होतात त्या दिवशी?"

त्या दिवशी मी काय जेवले होते? मला खरंच आठवेना. फ्रीजमधलं काहीतरी, उभ्या उभ्या. माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, आणि ते बघून सगळे खदखदून हसले. "नियमाप्रमाणं ताईच खोट्या ठरल्या!" कुणीतरी म्हणालं. मी पुन्हा बोलायला गेले, तेव्हा गुंडोअण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आता पुरे, असं ते बघणं होतं. आणि मी गप्प बसले. तेव्हा मला ते शहाणपण वाटलं. आज मी त्याला भित्रेपणा म्हणते. खोली कस्तुराबाईंना मिळाली. टाळ्या वाजल्या. गुंडोअण्णांनीही वाजवल्या.

पुढच्या रविवारी मी पीण्याला गेले, न सांगता. चाळीतल्या निम्म्या खोल्या उघड्या पडल्या होत्या. गुंडोअण्णा सामान बांधत होते. होसकोटेजवळ एका भाच्याची लाकडाची वखार आहे, तिथे राखणीला जाणार, वखारीतच झोपायची सोय आहे, म्हणाले. पत्रा गळत नव्हता. खुर्ची मात्र एकच होती.

"बसा की अक्का. जेवूनच जावा. आज भात आणि सारूच हाय फक्त, बाकी डबे बांधले."

मी बसले नाही. आठवडाभर साठलेलं सगळं बाहेर आलं. "अण्णा, का केलंत असं? कस्तुराबाईंना मिळावी म्हणून?"

"नाही हो," ते म्हणाले. "त्यांना मिळाली, बरं झालं. पण त्यासाठी नाही. खोली मला पाहिजे होती. फॉर्म भरायला बसलो, बाकी सगळं खरं लिहिलं. त्रेचाळीसवर आलो आणि हात पुढं जाईना. दुसऱ्यांच्या घरी किती फुल्या मारल्या मी, कधी हात अडला नाही. स्वतःच्या घराला 'कुणी नाही' असं लिहायचं म्हणजे..." त्यांनी एका डब्याची दोरी आवळली. "आणि मी केला होता ना स्वैपाक. दोन ताटं वाढलीसुद्धा होती. नंतर तुमचा फोन आला. मग ते खोटं कसं?"

मला रडू आलं. ते त्यांनी पाहिलं नाही, किंवा न पाहिल्यासारखं केलं. ताट धुऊन आणलं, भात वाढला, वर पातळ सारू. "तुम्ही आधी. पाहुण्याच्या आधी घरचा जेवत नाही." मी जेवले. मग त्यांनी तेच ताट घासलं, पुसलं आणि स्वतःला वाढून घेतलं. ते जेवत असताना मी खुर्चीवर बसून होते. माझ्या फ्लॅटमध्ये एक खोली जास्तीची आहे. तिच्यात व्यायामाची सायकल ठेवलेली आहे, तिच्यावर मी कपडे वाळत घालते. हे सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते बोलले नाही. उद्या बोलू, फोनवर बोलू, असं स्वतःला सांगितलं.

निघताना ते चाळीच्या तोंडापर्यंत पोचवायला आले. खिशात ती कांडी होतीच. म्हणाले, "अक्का, पुन्हा कुणी विचारलं तर सांगता येईल ना? काय जेवलात ते?"

"येईल की," मी म्हटलं. "झुणका, मऊ चपात्या. काकडीची कोशिंबीर, दही ऐनवेळी घातलेली. शेवयाची खीर."

"खीर?" त्यांनी मान वाकडी करून विचारलं. भोकं तपासताना ते असेच उभे राहत असतील.

"दोनदा घेतली," मी म्हटलं.